गजाची सावली

खोकं आलं जानेवारीच्या शेवटी
तांडापेठेतल्या आमच्या मनपा शाळेत.
आत चार चाकं, दोन मोटारी,
एक हिरवी पाटी, तारांचा गुंता
आणि गुळगुळीत कागदाची पुस्तिका:
काळी पट्टी चिकटवा.
यंत्र पट्टीवरून चालेल.
पुढे पूर्णविराम.

चौथीची एकेचाळीस पोरं, यंत्र एक.
तारा जुळायच्या आधीच बारसं झालं.
युगांत नंदनवारच्या घरी माग आहे,
त्याच्या आवाजावरून: खटक्या.

चाक घसरलं, तर चैताली हेडाऊने
सायकलच्या फुटक्या ट्यूबचं रबर
गोल कापून चाकावर चढवलं.
तार तुटली, तर अदीबा
बाबांच्या कूलरच्या दुकानातून
मेलेल्या पंपाची तार घेऊन आली.
पुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं.
मीही अजून पुस्तिकेतच होते.

खटक्या चालला.
पट्टी धरून, मान खाली घालून,
पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखा
दोन फेऱ्या.
तिसऱ्या फेरीत खिडकीपाशी पट्टी सोडली
आणि मोकळ्या फरशीवरून सरळ भिंतीकडे निघाला.

बिघडला, मी म्हटलं.
उचलला, ठेवला. पुन्हा तिथेच वळला.
मी बटण बंद करायला वाकले
तर चैताली माझ्याआधी फरशीवर पालथी,
गाल टेकवून,
डोळे यंत्राच्या उंचीवर.

बराच वेळ.

"मॅडम, बिघडला नाही थो.
गजाच्या सावलीवर चालून राह्यला."

खिडकीला सात गज.
फरशीवर सात रेघा,
कोणी न चिकटवलेल्या.
आठ वर्षं या वर्गात शिकवतेय,
रोज त्यांच्यावर पाय देऊन.

मग काय विचारता.
अदीबाने खिडकीत ओढणी धरली: खटक्या गोंधळला.
काढली: निघाला.
युगांतने गजांमध्ये फूटपट्टी अडकवून
त्याला आठवी वाट दिली, जरा तिरपी, मुद्दाम.
घंटा झाली की रेघेशेजारी खडूची खूण.
वऱ्हांड्यात खिचडी निवत होती,
तीन हाका मारून झाल्या होत्या.

"सावली सरकली बे!"
"ऊन सरकून राह्यलं."
"सूर्य कुठं सरकते? आपणच फिरून राह्यलो,
मॅडमनं सांगतलं होतं ना."

हो, सांगितलं होतं.
जुलैमध्ये, बॉल आणि टॉर्च घेऊन.
सगळ्यांनी वहीत लिहिलं होतं, पाचपैकी पाच.
पण तेव्हा कोणाच्या पायाखालचं काही हललं नव्हतं.
आता मागच्या रांगेतल्या दोघांनी
बाकाचा पाय घट्ट धरला.

चैताली खडूच्या खुणा बोटांनी मोजत होती.
"म्हणजे खटक्या पृथ्वीच्या मागं चालून राह्यला?"
मला उत्तर सुचलं नाही.
म्हटलं, उद्या बघू.
खरं सांगायचं तर घरी जाऊन
मीच शोधणार होते.

शुक्रवारी केंद्रप्रमुख आले, हातात तक्ता:
यंत्र पट्टीवरून चालते का? होय / नाही.
मी पोरांकडे पाहिलं, पोरांनी खिडकीकडे.
बाहेर अवकाळी ढग, फरशी सपाट राखाडी,
एकही रेघ नाही.

खटक्या काळ्या पट्टीवरून
एकदाही न चुकता चालला.
चार फेऱ्या.
साहेब खूश. होयवर बरोबरची खूण,
खाली लफ्फेदार सही.
टाळ्या वाजवा म्हणाले.
पोरांनी वाजवल्या,
दुसऱ्याच कोणाचा तरी वाढदिवस असावा तशा.

मधल्या सुट्टीत वर्गात डोकावले.
पट्टी उपटून तिचा गोळा कोपऱ्यात टाकलेला.
चैताली खिडकीशी,
मांडीवर खटक्या, त्याचं बटण चालू,
चाकं हवेत फिरतायत,
आणि ती ढगाला दटावतेय,
"सरक ना बे जरासा."